चकवा लागला तर: सदाहरित जंगलात वाट चुकल्यावर तग धरण्याचं तंत्र

9 जून 2023 रोजी कोलंबियातल्या अमेझॉनच्या जंगलातून चार भावंडं जिवंत बाहेर आली. 1 मे रोजी त्यांचं छोटं सेस्ना विमान इंजिन बंद पडून झाडांत कोसळलं होतं. आईसह विमानातली तिन्ही मोठी माणसं दगावली. थोरली मुलगी 13 वर्षांची होती आणि सगळ्यात धाकटं बाळ 11 महिन्यांचं. त्या बाळाचा पहिला वाढदिवस जंगलातच उलटला. मुलं उइतोतो या आदिवासी जमातीची. विमानात कसाव्याचं पीठ होतं, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचं. ते पीठ, ताडपत्री, मच्छरदाणी आणि पाण्याची बाटली घेऊन ती निघाली आणि कुठलं फळ खायचं, कुठलं नाही या घरच्या शिकवणीवर 40 दिवस तगली.

या घटनेची एक बाजू मात्र आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही. शंभराहून जास्त सैनिक आणि स्थानिक आदिवासी त्यांना शोधत होते. हेलिकॉप्टरवरून आजीच्या आवाजातला निरोप वाजवला जात होता: एका जागी थांबा. मुलं सापडली ती विमानापासून जेमतेम 5 किलोमीटरवर. शोधपथकं त्याआधी त्यांच्या अगदी जवळून, 20 ते 50 मीटरवरून जाऊन आली होती. झाडी इतकी दाट की दिसलं नाही, आणि मुलं जागा बदलत राहिली. ज्ञानाने त्यांना जगवलं, चालत राहण्याने शोध लांबवला.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटेल. पण याच जातीचं जंगल आपल्या दारात आहे. आंबोली, तिलारी, राधानगरी, चांदोली, कोयना, पलीकडे गोव्यातलं म्हादई आणि मोले, हा सगळा सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांचा पट्टा. सदाहरित म्हणजे जिथे झाडं एकाच वेळी पानं गाळत नाहीत आणि वर्षभर डोक्यावर हिरवं छत राहतं असं जंगल. आंबोलीत वर्षाला सरासरी 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दर पावसाळ्यात हजारो माणसं इथल्या घाटवाटांवर आणि धबधब्यांवर जातात, त्यांतली काही वाट चुकतात.

## चकवा म्हणजे नेमकं काय होतं?

गावाकडची माणसं सांगतात, अमक्या रानात चकवा आहे, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. या अनुभवात खोटं काही नाही, कारण मात्र भुताखेताचं नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. माणसांच्या अंगावर जीपीएस लावून त्यांना सपाट जंगलात सोडलं आणि सरळ चालत राहायला सांगितलं. ऊन होतं तेव्हा ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं तेव्हा गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधून मोकळ्या मैदानावर चालवलं तेव्हा तर काहींची वर्तुळं 20 मीटरपेक्षाही लहान निघाली.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ रोज दोन-चार सेकंद चुकतं. रेडिओच्या वेळेशी जुळवत राहिलं तर चूक कळत नाही, जुळवलंच नाही तर वर्षभरात ते पंधरा-वीस मिनिटांनी भरकटतं. आपली सरळ दिशा अशीच असते. प्रत्येक पावलाला किंचित चूक होते आणि सूर्य, लांबचा डोंगर, एखादा मनोरा पाहून मेंदू ती नकळत दुरुस्त करत असतो. दाट जंगलात सूर्य नाही, क्षितिज नाही, वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. दुरुस्ती थांबते आणि चुका साठत जातात.

शेवाळ उत्तरेकडे उगवतं ही युक्ती इथे चालत नाही, पावसाळ्यात ते खोडाला चहूबाजूंनी असतं. सावलीवरून दिशा काढायची म्हटली तर मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, दक्षिणेला नाही. पुस्तकातली खूण वापरणारा नेमका उलट जातो.

## मग पहिलं काम कोणतं?

थांबणं. वाट चुकल्याची शंका आली त्या क्षणी जिथे आहात तिथे खाली बसा. पाणी प्या, काहीतरी खा, घड्याळ बघा आणि पुढची पंधरा मिनिटं हलू नका. घाबरल्यावर पाय आपोआप वेगाने चालू लागतात आणि बहुतेक माणसं मूळ वाटेपासून लांब जातात ती या पहिल्या तासाभरात.

बसल्या जागी तीन प्रश्न. शेवटची खात्रीची खूण कोणती होती: देवराईचा दगड, खिंड, विजेचा खांब? तिथून निघून किती वेळ झाला? अंधाराला किती वेळ आहे? खात्रीची खूण वीसेक मिनिटांच्या आत असेल आणि आलेली वाट स्पष्ट दिसत असेल, तर त्याच वाटेने मागे फिरा. दर दहा-पंधरा पावलांवर डोळ्यांच्या उंचीवर फांदी मोडून किंवा कापडाची चिंधी बांधून खूण ठेवत जा, म्हणजे हा अंदाजही चुकला तर निदान बसलेल्या जागी परत येता येईल.

सह्याद्रीत माणसाला सगळ्यात जास्त फसवते ती ढोरवाट. गुरं चरायला जाताना पडलेली वाट सुरुवातीला चांगली रुंद आणि मळलेली असते, मग तिला फाटे फुटतात, प्रत्येक फाटा बारीक होत जातो आणि शेवटी कारवीच्या झुडपात सगळंच संपतं. गुराला कुठे पोचायचं नसतं, चरायचं असतं. वाट दर फाट्याला बारीक होत असेल, पायाखाली शेण दिसतंय पण माणसाच्या वापराची एकही खूण दिसत नाही असं असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मागची वाट सापडत नसेल तर तिथेच राहायचं. घरी किंवा गावात कुणालातरी आपला मार्ग माहीत आहे, एवढी एक गोष्ट खरी असेल तर थांबणारा माणूस चालणाऱ्यापेक्षा लवकर सापडतो. शोधणारे शेवटच्या माहीत असलेल्या ठिकाणापासून सुरुवात करतात. तुम्ही चालत राहिलात तर दर तासाला त्यांना शोधायचा परिसर कितीतरी पटींनी वाढतो.

## ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतंच ना?

हा सल्ला जगभर दिला जातो आणि तो खोटा नाही. 24 डिसेंबर 1971 रोजी पेरूमध्ये लान्सा कंपनीचं 508 क्रमांकाचं विमान वादळात हवेतच फुटलं. 17 वर्षांची युलियाने कोएप्के सुमारे 3 किलोमीटर उंचीवरून खुर्चीसकट जंगलात पडली आणि वाचली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, त्यांच्या जंगलातल्या संशोधन केंद्रावर ती राहिलेली. ओहोळ ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, आणि नदीकाठी माणसं असतात, हे वडिलांनी शिकवलेलं. मिठाईच्या एका पिशवीवर ती अकरा दिवस पाण्याच्या कडेने गेली आणि लाकूडतोड्यांच्या झोपडीपाशी पोचली.

पण पेरूचा तो भाग बराचसा सपाट सखल आहे. सह्याद्रीची पश्चिम बाजू पायऱ्यांसारखी आहे: घाटमाथा, मग कडा, मध्ये दाट झाडीची एक पायरी, पुन्हा कडा आणि तळाला कोकण. मधल्या झाडीच्या पायरीला पदर म्हणतात. घाटमाथ्यावरचा ओढा या प्रत्येक पायरीवरून धबधबा होऊन कोसळतो. त्याच्या कडेने उतरणारा माणूस आधी दहा फुटांचा एक खडक घसरत उतरतो, त्याला वाटतं जमलं. पन्नास पावलांवर शंभर फुटांचा कडा येतो. मागे वळून पाहतो तर तो शेवाळलेला दहा फुटांचा खडक आता चढता येत नाही. घाटातल्या अवघड बचावकार्यांमध्ये अडकलेला माणूस पुष्कळदा अशाच दोन धबधब्यांच्या मध्ये सापडतो.

म्हणून आपल्या डोंगरासाठी नियम वेगळा: परत चढता येणार नाही अशी एकही पायरी उतरायची नाही. आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात थांबायचंही नाही. तुमच्याकडे उघडीप असली तरी वर घाटमाथ्यावर सर कोसळली की काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की लगेच वर सरकायचं. गुडघ्याच्या वर असलेलं वाहतं पाणी ओलांडायचं नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब उभ्या जागी वेढलं जाऊन वाहून गेलं, ते असंच.

## उष्ण प्रदेशात थंडीने कोण मरतं?

वाट चुकलेल्यांना पहिल्या रात्री सगळ्यात मोठा धोका थंडीचा असतो. ही गोष्ट पटायला कठीण जाते, म्हणून जरा सविस्तर.

शरीराचं आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते 35 च्या खाली गेलं की शरीर आणि मेंदू नीट चालेनासे होतात. डॉक्टर याला हायपोथर्मिया म्हणतात, आपण गारठणं म्हणू. यासाठी बर्फ लागत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. जुलैत घाटमाथ्यावर हवा 20 अंशांच्या आसपास असते, वारा सतत असतो आणि अंगावरचा सुती टी-शर्ट आणि जीन्स ओली चिंब. चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवा, किती लवकर निवतं ते बघा. रात्रभर तेच शरीराचं होतं.

ओळखायचं कसं? आधी कुडकुडणं. मग हातातून वस्तू निसटू लागतात, चालताना अडखळायला होतं, बोलणं बोबडं होतं, माणूस उगाच चिडतो किंवा गप्प बसतो. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा, जमत नसेल तर वेळ थोडा आहे. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस अजून गारच असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, हातपाय टेकल्याचं लक्षण आहे.

अशा माणसाचे ओले कपडे काढा, कोरडं काहीही गुंडाळा, त्याच्याखाली जाड थर घाला आणि दोघांनी त्याला मध्ये घेऊन बसा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड पाणी द्या, गरम मिळालं तर उत्तम. दारू अजिबात नाही, तिने त्वचेकडे रक्त वाढतं आणि आतली ऊब बाहेर जाते. हातपाय चोळायचेही नाहीत.

धनगर पावसाळ्यात घोंगडी अंगावर घेऊन दिवसभर रानात असतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. लोकर ओली झाली तरी तिच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. सुती कापड ओलं झालं की ती हवा जाते. पावसाळी जंगलात जाताना जीन्स घालू नये, पटकन वाळणारी कृत्रिम धाग्याची पँट घालावी आणि एक कोरडा जाड शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून वेगळा ठेवावा. तो फक्त रात्रीसाठी. दिवसा कितीही मोह झाला तरी तो काढायचा नाही.

## निवारा: एक ताडपत्री, एक दोरी

जंगलाच्या जमिनीवर वरच्या उजेडाचा शेकडा एक-दोन भागच पोचतो. बाहेर सात वाजता मावळत असेल तर आत सहालाच डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. म्हणून अंधाराच्या किमान दोन-तीन तास आधी चालणं थांबवून निवाऱ्याला लागायचं.

जागा निवडताना आधी वर बघा. वाळलेली फांदी, पोखरलेलं खोड, झाडात अडकलेलं तुटकं लाकूड असेल तर तिथून हटा. पावसात फांद्या पाणी पिऊन जड होतात आणि वारा नसतानाही पडतात. मग खाली बघा: मुंग्यांची वारुळं, बिळं, पाण्याने कोरलेली चर नको. ओढ्यापासून उंचावर, पण अगदी डोंगरधारेच्या माथ्यावर नको, तिथे वारा आणि वीज दोन्ही असतात.

2 बाय 3 मीटरची हलकी ताडपत्री आणि 10 मीटर नायलॉनची दोरी पुरते. तीन-साडेतीन मीटर अंतरावरच्या दोन झाडांना साधारण कमरेच्या उंचीवर दोरी ताणून बांधा. ताडपत्री तिच्यावर अशी टाका की तिची एक उतरती बाजू वाऱ्याकडे येईल, पावसाळ्यात बहुधा नैर्ऋत्येकडे. चारही कोपऱ्यांत एकेक लहान गुळगुळीत खडा ताडपत्रीच्याच कापडात गुंडाळा आणि त्याच्या मानेवर दोरीचा तुकडा आवळून खुंट्याला बांधा. कडीच्या भोकातून दोरी ओवली तर रात्रीच्या वाऱ्यात भोक फाटतं, खड्याची गाठ सहसा सुटत नाही. कडा जमिनीपासून वीत-सव्वा वीत वर ठेवा.

आता नवशिक्याची ठरलेली चूक. झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी दोरीवर चढतं आणि दोरीवरूनच सरकत थेट निवाऱ्यात थेंब थेंब पडतं. ताडपत्रीच्या बाहेर, दोन्ही टोकांना, दोरीवर सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी त्या सुतळीवरून खाली जातं. दुसरी चूक म्हणजे मधली दोरी सैल ठेवणं. मग ताडपत्रीला पोट सुटतं, त्यात घागरभर पाणी साठतं आणि मध्यरात्री सगळं अंगावर येतं.

ताडपत्री अर्धंच काम करते. जास्त गारवा खालून येतो. आधी आडव्या फांद्या, मग त्यावर पानांचा थर, बसल्यावर दबून वीतभर उरेल इतका. दाबण्याआधी तो गुडघाभर दिसायला हवा. ओलीच पानं मिळाली तरी जमिनीला टेकण्यापेक्षा ती बरी. ताडपत्री नसेल तर कचऱ्याची 120 लिटरची जाड पिशवी घ्या, बंद टोकाकडे चेहऱ्यापुरतं भोक पाडा, डोक्यावरून घालून पाय पोटाशी घ्या आणि पाठपिशवीवर बसा. गैरसोयीची रात्र जाते, पण जाते. तोंड मात्र कायम बाहेर हवं.

## आग पेटवली की झालं, नाही का?

पावसाळी जंगलात आग हा भरवशाचा आधार नाही. काड्यापेटी दमट होते, जमिनीवरचं लाकूड स्पंजासारखं असतं. कोरड्या निवाऱ्याआधी आगीच्या मागे लागणारा माणूस दोन तास घालवतो आणि आणखी भिजतो. निवारा झाल्यावर मात्र प्रयत्न जरूर करावा, ऊब आणि धूर दोन्ही कामाचे.

यासाठी आपल्या घरातली उत्तम वस्तू म्हणजे कापूर. पाण्यावर तरंगतानाही तो जळतो. वड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत उडून जातात. सोबत दोन लायटर, वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या. रबर ओलं असलं तरी पुसून पेटतं आणि काही मिनिटं जळत राहतं.

लाकूड उभ्या वाळलेल्या झाडाचं किंवा वर अडकलेल्या फांदीचं घ्या. वाकवल्यावर कट्‌ असा आवाज करून मोडलं तर ठीक, नुसतं वाकलं तर टाकून द्या. मनगटाएवढा ओंडका कोयत्याने उभा चिरला की आतला गाभा बहुधा कोरडा निघतो, त्याचेच झिलपे काढा. काडीएवढ्या जाडीचं दोन मुठी, पेन्सिलएवढं दोन मुठी, अंगठ्याएवढं एक कवळ, एवढं सगळं ताडपत्रीखाली जमवूनच लायटर हातात घ्यायचा. खाली ओल्या ओंडक्यांची फळी करा म्हणजे आग चिखलात बसणार नाही. बहुतेक आगी विझतात त्या पेटल्यानंतर, पुढच्या जाडीचं लाकूड आणायला माणूस उठतो तेव्हा. खुणेसाठी धूर हवा असेल तर पेटलेल्या आगीवर हिरवी पानं टाका. तो धूर छताखाली अडकतो, म्हणून जवळ मोकळा सडा किंवा पठार असेल तर तिथे करा.

## पाणी तर सगळीकडे आहे

आहे, पण सरसकट पिण्याजोगं नाही. थेट आभाळातून पडलेलं पाणी सर्वांत चांगलं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. म्हणजे तुमच्या ताडपत्रीवर 10 मिलिमीटरची सर आली तर साठेक लिटर पाणी वाहून जातं, त्यातलं चार लिटर बाटल्यांत भरणं अवघड नाही. पहिली दोन-तीन मिनिटं ताडपत्री धुऊ द्या, मग धरा.

ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळून खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळा. आग नसेल तर क्लोरीनची गोळी, पाकिटावरच्या प्रमाणात, आणि अर्धा तास धीर धरा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच झुंजत बसतं, म्हणून आधी निवळू द्यायचं. काहीच नसेल आणि तहानेने जीव जात असेल तर ओढ्याचं पाणी प्या. जुलाब होतील ते नंतर, डॉक्टर त्यावर उपचार करू शकतात.

उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा जंगलातली माणसं उक्षीच्या जाड वेलाचं पाणी पितात. वेल आधी वर कापायचा, मग खाली. आधी खाली कापला तर रस वर ओढला जातो आणि हाती काही लागत नाही. पाणी नितळ आणि बेचव हवं. दुधाळ, रंगीत, कडवट किंवा जिभेला झोंबणारं असेल तर थुंकून टाका. वेलाची खात्री नसेल तर हा प्रयोग करू नका.

परतल्यावरची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित पाणी पायाच्या जखमेतून शरीरात गेलं तर लेप्टो होतो. घरी आल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलातल्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर साधा फ्लू समजून दिवस वाया जातात.

## इतकी झाडं असून खायला काहीच नाही?

तग धरण्याचा एक ढोबळ हिशेब प्रशिक्षक सांगतात: हवेविना तीन मिनिटं, वाईट हवामानात निवाऱ्याविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे. काटेकोर नियम नव्हे, पण क्रम लक्षात राहतो. आपल्याकडे वाट चुकलेला माणूस बहुधा एक-दोन दिवसांत सापडतो, म्हणजे अन्नाचा प्रश्न येतच नाही. चुकीचं खाल्ल्याचा येतो.

शेवळांचं उदाहरण घ्या. पावसाच्या सुरुवातीला ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात ही रानभाजी येते आणि तिच्यासोबत काकडं ही आंबट फळं विकायला असतात. शेवळात सुईसारखे बारीक क्षार असतात, ते घशाला टोचतात. काकडं घालून नीट शिजवलं की खाज मरते. ही भाजी ओळखणं ही निम्मी माहिती, काकडं ही उरलेली निम्मी. निम्म्या माहितीवर रानातलं काही खाणारा घसा सुजवून घेतो. अळंबीच्या बाबतीत तर जीवही जातो. हात लावायच्या वस्तूंचंही तसंच: खाजकुयलीच्या शेंगा आणि बिब्ब्याचा चीक यांनी अंगाची आग होते. करवंद, जांभूळ तुम्ही लहानपणापासून ओळखत असाल तर खा. बाकी पिशवीतली चिक्की पुरवून खा.

## आणि साप, वाघ, गवे?

वाघ-बिबट्याची भीती मनातून काढून टाकावी, माणसाची चाहूल लागली की ते बहुधा वाट सोडतात. गवा समोर आला तर त्याला जायला जागा ठेवून मागे सरका. खरी काळजी घ्यायची ती आग्या मोहोळाची. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ते उठतं. उठलंच तर तोंड झाकून सरळ रेषेत पळा, हात झाडत उभं राहू नका आणि पाण्यात बुडी मारू नका, माश्या वर वाट बघतात.

साप चावला तर चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, करकचून बांधणं, यातलं काहीही करायचं नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीची फळी लावून हलणार नाही असा बांधा आणि माणसाला उचलून न्या. चालवत नेलं तर स्नायूंच्या हालचालीने विष वेगाने पसरतं. आपल्याकडचं सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. विंचवाचंही हलक्यात घेऊ नका. कोकणातला तांबडा विंचू चावला तर परिणाम थेट हृदयावर होतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कित्येक जीव वाचवले. म्हणजे उपचार आहे, पोचायची वेळ साधायला हवी.

जळवा भीतीपेक्षा त्रासाच्या. मीठ, तंबाखू किंवा लायटर लावून जळू काढली तर ती पोटातलं जखमेत ओकते. नखाने तिचं अरुंद टोक बाजूला सरकवा, मग जाड टोक. रक्त तासभर वाहू शकतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. स्वच्छ धुऊन फडकं दाबून धरा. पायांची काळजी याहून महत्त्वाची: दिवसभर ओल्या बुटात राहिलेल्या पायांना चिखल्या होतात, तिसऱ्या दिवशी चालता येत नाही. रोज रात्री पाय पुसून, खोबरेल चोळून, कोरडे मोजे.

## मोबाइल आहे की!

मोबाइलमधलं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, ते उपग्रहांकडून आकडे ऐकतं. नकाशा मात्र घरूनच उतरवून ठेवलेला हवा. ओल्या दाट छताखाली ते आकडे चुकतात, म्हणून मोकळ्या जागी जाऊन दोन-तीन मिनिटं स्थिर उभे राहा आणि अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्या. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून तो लागू शकतो. बोलणं होत नसेल तर एसएमएस करा, क्षणभराच्या रेंजमध्येही तो निसटून जातो. त्यात चारच गोष्टी: आकडे, किती जण, जखमी आहे का, आणि इथेच थांबतोय. मग फोन विमान मोडवर टाकून पिशवीत. दर तासाला पाच मिनिटं उघडायचा.

बॅटरी संपल्यावर उरते शिटी. ओरडून घसा तासाभरात बसतो आणि पावसाच्या आवाजात हाक विरते. तीन वेळा शिटी, मिनिटभर शांतता, कान देऊन ऐकणं, पुन्हा तीन. पाऊस उघडला की सर्वात जास्त वाजवा. पहाटे ऐकायचंही विसरू नका: कोंबडा, कुत्रा, देवळातली घंटा, एसटीचा हॉर्न. आवाजाची दिशा बाण करून जमिनीवर काठीने आखून ठेवा, पाच मिनिटांनी ती आठवणार नाही.

## हे शिकायचं कुठे?

घरी, पावसात. ताडपत्री आणि दोरी घेऊन गच्चीवर किंवा अंगणात भर सरीत जा आणि निवारा दहा मिनिटांत उभा होतो का बघा. दुसऱ्यांदा अंधारात, हेडटॉर्च लावून. तिसऱ्यांदा हात थंडगार पाण्यात पाच मिनिटं बुडवून, कारण खऱ्या वेळी बोटं तशीच बधीर असतील आणि तेव्हा कुठली गाठ बसते ते कळेल. एक ओंडका रात्रभर बादलीत भिजवा आणि सकाळी तो चिरून एका कापरावर पेटवून दाखवा. पहिल्या दोन-तीन वेळा बहुतेकांना जमत नाही. शिटी, लायटर, कापूर, ताडपत्री, दोरी, मोठी पिशवी, हेडटॉर्च, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची दोन पाकिटं आणि 10 सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज, हा सगळा संच दीड किलोच्या आत बसतो. शिटी मात्र पिशवीत नको, गळ्यात हवी. पिशवी वाहून जाऊ शकते.

निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवा: कुठून शिरणार, कुठून उतरणार, गाडी कुठे, सोबत कोण, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 वर कळवा. पायथ्याच्या गावातही एका घरी सांगून जा. स्वतःच्या पायांनी दुसऱ्याच गावात उतरलात, तर चहा घेण्याआधी त्या दोन्ही घरी फोन करा. नाहीतर पाच-पन्नास माणसं त्या रात्री, त्याच पावसात, तुमच्यासाठी कड्याखाली उतरत असतील.